चालून बघणारे वाघमोडे

वाघमोड्यांची आणि माझी पहिली भेट फोनवर झाली. त्या भेटीत ते माझ्याशी फक्त आकडे बोलले.

मी आमच्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसते. बावीस वर्षं बसते आहे, त्यामुळे लोक फोनवर काय काय बोलतात याचं मला नवल राहिलेलं नाही. पण त्या दिवशी दुपारी साडेतीनला आतल्याच एका फोनवरून घंटी आली, मी उचलला, आणि पलीकडून एक पुरुषी आवाज सावकाश म्हणायला लागला, एक, दोन, तीन, चार. मला वाटलं, मानसोपचार विभागातला कुणी पेशंट फोनपर्यंत पोचला. एकेचाळीसपर्यंत मी दम धरला आणि मग विचारलं, कोण बोलतंय?

“ताई, मधी बोलू नका,” आवाज म्हणाला. “बेचाळीस.”

एकशे ऐंशीला आवाज तुटला आणि परत आला तो एकशे शहाऐंशीला. दहा मिनिटांनी एक काटकुळा माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. हातात फोन, खिशात दुसरा फोन, काखेत लॅपटॉप, आणि बोटं खडूनं पांढरी झालेली. मी म्हटलं, हे शाळामास्तर इकडं कुठं? तर ते आमचे नवे नेटवर्कवाले, मल्हारी वाघमोडे. त्यांनी नाव-गाव काही सांगायच्या आधी विचारलं, माझा आवाज कुठं गेला आणि कुठं आला? मी एकशे ऐंशी आणि एकशे शहाऐंशी सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की माझं लग्न ठरल्यावर माझ्या मामाला झाला नसेल. “ताई, तुमचा कान लई चांगला हाय,” ते म्हणाले. “रोज अर्धा तास देता का?”

असा माझा कान त्यांच्या नोकरीला लागला. तीनेक वर्षं लागलेला होता.

त्यांचं काम काय ते मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं, मी विचारलेलं नसताना. आमच्या हॉस्पिटलच्या छताला जागोजागी पांढरे डबे लावलेले आहेत. वाय-फाय त्यांच्यातून येतं. डॉक्टर, सिस्टर कुणी एका जागी थांबत नाहीत. माणूस चालायला लागला की हातातल्या फोनानं मागचा डबा सोडायचा आणि पुढचा धरायचा. हे सोडणं आणि धरणं नीट झालं तर बोलणाऱ्याला पत्ता लागत नाही. नाही झालं तर मधेच बोलणं गायब. वाघमोड्यांच्या आधी जे होते ते हे सगळं एसीत बसून लॅपटॉपवर बघायचे आणि सगळं हिरवं आहे म्हणून सांगायचे. वाघमोडे बसत नसत. “बसून बघितलं तर बसलेल्याचं कळतं,” ते म्हणायचे. “तुटतं ते चालणाऱ्याचं.”

म्हणून ते चालायचे. एका पावलाला एक आकडा, आणि पलीकडं मी. एकदा मी कंटाळून म्हटलं, अहो, रोज काय ते आकडे, जरा बातम्या सांगा, गावाकडची एखादी गोष्ट सांगा. त्यांनी मान हलवली. गोष्ट सांगितली तर मधले शब्द गेले तरी माणसाचा कान आपल्या मनानं भरून घेतो, म्हणाले, आणि वर सांगतो की सगळं ऐकू आलं. आकड्यात तशी लबाडी चालत नाही. चौऱ्याहत्तरनंतर एकोणऐंशी आला म्हणजे मधले चार गेले. मी घरी जाऊन नवऱ्यावर हा प्रयोग केला. पेपर वाचत असताना तो माझं किती ऐकतो ते आकड्यांनी लगेच उघडं पडलं.

खडूचं प्रकरण तर सबंध हॉस्पिटलभर गाजलं. जिथं आवाज तुटेल तिथं वाघमोडे खाली वाकून फरशीवर गोल काढायचे. डॉक्टरांकडं आयफोन, वॉर्डातल्या सिस्टरांकडं अँड्रॉइडचे टॅब, लॅबमध्ये विंडोजचे लॅपटॉप. प्रत्येकाच्या आत चालणारी यंत्रणा वेगळी, आणि मागचा डबा कधी सोडायचा याचं प्रत्येकाचं गणित वेगळं. म्हणून पिवळा, पांढरा आणि निळा असे तीन खडू. दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात एके ठिकाणी तिन्ही रंगांचे गोल एकात एक आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध एक लिंबू होतं. गंगापूरकडून आलेल्या एका पेशंटच्या आजीनं ठेवलेलं. ती आजी तिथंच भिंतीला टेकून बसली होती आणि आपल्या नातवाचं स्ट्रेचर त्या गोलावरून नेऊ देत नव्हती. वॉर्डबॉय समजावून थकला. शेवटी वाघमोड्यांना बोलावलं. ते आजीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, आई, हे मीच काढलंय, इथं फोन लागत नाय म्हणून. आजीनं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, “मग लिंबानं लागला का?” वाघमोड्यांनी प्रामाणिकपणे फोन काढून बघितला आणि सांगितलं की नाही लागला. तेव्हा कुठं आजीनं लिंबू उचललं आणि स्ट्रेचर पुढं गेलं.

फरशी पुसणारे शकीलभाई आणि वाघमोडे यांचं मात्र सुरुवातीला जमेना. वाघमोडे गोल काढून जिन्यापर्यंत पोचले की मागून शकीलभाईंचा पोछा. वाघमोड्यांनी तक्रार केली तर शकीलभाई म्हणाले, “क्या साब, तुम बनाते जाओ, मैं पोंछते जातौं. दोनों की रोजी चालू है ना.” मग दोघांत तह झाला. दुपारच्या चहापर्यंत गोल शाबूत राहायचे, चहानंतर शकीलभाईंचं राज्य.

वाघमोडे मूळचे पिशोरच्या बाजूचे. वडील मेंढरं राखायचे, अजून राखतात. घरात पदवी घेतलेले हे पहिलेच. वडिलांचं म्हणणं, गावात कुणी विचारलं तर काय सांगू, आमचा मल्हारी शिकूनसवरून शहरात बी चालायचंच काम करतो. हे वाघमोडे स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. लिफ्टमध्ये ते कधी चढले नाहीत. लिफ्ट म्हणजे लोखंडाची पेटी, आत गेलं की फोन मेला, असं त्यांचं म्हणणं. काम नसतानाही, जेवायला जातानासुद्धा, ते पाच मजले जिन्यानं. मी म्हटलं, आत्ता कुठं फोनवर आहात? तर म्हणाले, आला तर?

आमच्या मोठ्या डॉक्टरांशी त्यांची गाठ पडली तो प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला, कारण तो माझ्याच दारात घडला. डॉक्टर तणतणत आले. एवढा महागडा फोन, आणि राउंडवर असताना दोनदा तुटला. वाघमोडे म्हणाले, सर, दोन कळप रस्त्यात एकमेकांजवळ आले की मेंढरं तीन प्रकारची असतात. एक नव्या मेंढक्याची शीळ ऐकली की लगेच पळतं. एक जुना मेंढका दिसेनासा होईस्तोवर त्याचीच वाट धरून राहतं. आणि एक मधी उभं राहून नुसतं ओरडतं. फोनांचं तसंच असतं. डॉक्टरांनी जरा थांबून विचारलं, “मग माझा फोन कोणतं मेंढरू?”

“फोन दुसरं हाय सर,” वाघमोडे म्हणाले. तिसऱ्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि डॉक्टरांनीही विचारलं नाही. मी बोर्डाखाली काही पडल्यासारखं करून वाकले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

हॉस्पिटलची नवी इमारत झाली, जुनीच्या मागं. दोन्हींना जोडणारा पहिल्या मजल्यावरचा एक पूल. नव्या इमारतीतलं सगळं नेटवर्क वाघमोड्यांनी स्वतः उभं केलं, उद्घाटनाच्या घाईत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. जुन्या इमारतीतले डबे दुसऱ्या कुणी लावलेले, त्यांना ते सावत्र लेकरांसारखं बघायचे. नवी इमारत म्हणजे त्यांची सख्खी.

त्याच सुमाराला प्रज्ञा साळवे नावाची सिस्टर लागली. गंगापूरची. आई मजुरीला जाऊन जाऊन हिला नर्सिंगपर्यंत आणलेलं. कामाला चोख आणि जिभेला तिखट. तिची ड्यूटी दोन्हीकडं होती: जुन्या इमारतीतला एक वॉर्ड आणि पूल ओलांडून नव्या इमारतीतल्या सहा खोल्या. दोन्हीकडं ड्यूटी असलेली ती एकटीच. औषध दिलं की टॅबवर बोट दाबून नोंद करायची, अशी पद्धत. आणि साळवे सिस्टरच्या नोंदी गायब व्हायला लागल्या. औषध दिलंय, पेशंट सांगतोय दिलंय, टॅबवर तिनं हिरवी खूण बघितलेली, आणि कॉम्प्युटरवर काहीच नाही. मेट्रनबाईंनी मेमो दिला. ती प्रोबेशनवर होती. तीन मेमो झाले की कायम व्हायचं राहिलं, घरी जायचं.

ती म्हणाली, नेटवर्कचा घोळ आहे. मेट्रनबाईंनी वाघमोड्यांकडून रिपोर्ट मागवला. वाघमोडे स्वतःचा फोन घेऊन जुन्या वॉर्डाच्या दारापासून मोजत पुलावरून चालत गेले. आवाज दोनशे बाराला तुटला आणि दोनशे सतराला परत आला. चार आकडे म्हणजे किरकोळ. पलीकडं सिग्नलच्या दांड्या पूर्ण. त्यांनी लिहून दिलं, नेटवर्क ठीक आहे. त्या कागदाच्या जोरावर साळवे सिस्टरला दुसरा मेमो मिळाला.

दुसऱ्या मेमोच्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. वाघमोडे तिथंच होते. तिनं टॅब त्यांच्या समोर टेबलावर ठेवला. “तुमच्या फोनचं मला काय करायचंय?” ती म्हणाली. “मी तुमचा फोन घेऊन औषधं देते का? हा घेऊन चाला.” तिचे डोळे लाल होते. आईला अजून सांगितलं नाही, एवढंच म्हणाली आणि वॉर्डात गेली.

वाघमोडे टॅब घेऊन गेले आणि त्याच दारापासून मोजायला लागले. मी कानाला लावलं. दोनशे बाराला आवाज गेला. मी वाट बघितली. दोनशे सतराचा वेळ गेला, तीनशेचाही गेला असेल. मी चहा मागवला, प्यायले, कप परत गेला. बऱ्याच वेळानं वाघमोडे स्वतः आले, घसा कोरडा. पलीकडं उभं राहून सहाशेपर्यंत मोजत होते. दांड्या पूर्ण होत्या म्हणून त्यांना वाटलं, मला ऐकू येतंय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चाललो, म्हणजे ते चालले आणि मी ऐकलं. दोनशे बारा. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, व्हिजिटरांची गर्दी असतानाही दोनशे बाराच. मी आकडा सांगितला तसे ते माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“ताई, हवा रोज एका जागी रुसत नाय,” ते म्हणाले. “माणसानं केलेली चूक रोज एका जागी असती.”

लॅपटॉप उघडून त्यांनी काहीतरी बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला माझ्या भाषेत सांगितलं. वाय-फायवर आलेल्या प्रत्येक टॅबला एक पत्ता मिळतो, पेशंटला कॉटचा नंबर मिळतो तसा. जुन्या इमारतीचे नंबर वेगळे, नव्या इमारतीचे वेगळे. पूल ओलांडला की नवा नंबर मागायचा. त्यांच्या फोननं चार आकड्यांत मागून घेतला. लॅपटॉपही मागतात. सिस्टरांच्या जुन्या टॅबना मात्र मागायचं सुचत नाही, कारण दोन्हीकडं वाय-फायचं नाव एकच ठेवलेलं. त्यांना वाटतं आपण जागचे हललोच नाही. मग पेशंट नव्या वॉर्डात आणि चिठ्ठी जुन्या कॉटची. टॅबनं नोंद स्वतःजवळ ठेवून हिरवी खूण दाखवायची, पण ती पुढं जायचीच नाही, आणि ड्यूटी संपताना टॅब बंद झाला की पुसली जायची.

मी म्हटलं, असं वेगवेगळं कुणी केलं?

“मीच,” ते म्हणाले. “नीटनेटकं दिसावं म्हणून.”

दुरुस्तीला पंधरा मिनिटं पुरली असती. ते मी त्यांना म्हटलं, हे कबूल करते. म्हटलं, आत्ता दुरुस्त करून टाका, पुढच्या नोंदी नीट जातील, कुणाला कळायचंही नाही. ते म्हणाले, मग मागच्या मेमोंचं काय? दुरुस्त केलं की पुरावा गेला. सोमवारी साळवे सिस्टरच्या चौकशीची बैठक होती. तोवर तिला सगळ्या नोंदी कागदावर करायला सांगितल्या आणि ती चूक त्यांनी तीन दिवस जशीच्या तशी सांभाळून ठेवली.

सोमवारी बैठकीत प्रशासक मॅडम म्हणाल्या, लेखी रिपोर्ट द्या. वाघमोडे म्हणाले, लेखी मी आधी दिला होता, तोच चुकीचा आहे, चालून बघा. त्यांनी कसं पटवलं देव जाणे, पण साडेतीनला माझ्या बोर्डावर एकदम तीन लायनी पेटल्या. एका टॅबवर प्रशासक मॅडम, दुसऱ्या टॅबवर मेट्रनबाई, आणि फोनवर वाघमोडे. मागून साळवे सिस्टर चालत होती, ते मला नंतर कळलं. तिघं त्याच दारापासून एकदम मोजायला लागले. मॅडम इंग्रजीत मोजत होत्या. मेट्रनबाईंना दम लागला, नव्वदला त्या चुकल्या आणि पुन्हा ऐंशीपासून सुरू झाल्या. मधेच कुणीतरी नातेवाईक विचारत होतं, ही कसली मिरवणूक. मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाचं नाव घेऊन फोन ऐकला.

मॅडमचं दोनशे बारा झालं आणि दोन्ही टॅब गेले, एकदम, कुणी तोंडावर हात ठेवावा तसे. चार आकड्यांनी वाघमोड्यांचा फोन परत आला. त्यातून मला लांबून मेट्रनबाईंचा आवाज यायला लागला. त्या टॅबमध्ये मला हाक मारत ओरडत होत्या, कल्पना, ऐकतेस ना, दांड्या तर सगळ्या दिसतायत. मग प्रशासक मॅडमनी विचारलं, ही जोडणी कुणी केली होती?

वाघमोडे बोलले.

“मी केली, मॅडम. नेटवर्क ठीक हाय असं लिहून बी मीच दिलं. सिस्टरनी एक नोंद चुकवली नाय.”

दोन्ही मेमो मागं घेतले गेले. महिन्याभरात साळवे सिस्टर कायम झाली. वाघमोड्यांनी त्याच दुपारी पंधरा मिनिटांत दुरुस्ती केली आणि दुसऱ्या दिवशीपासून पूल ओलांडताना एकही आकडा गेला नाही. त्यांना कुणी रागावलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त त्यांचा करार संपत आला होता तो वाढवला नाही. बाहेरची कंपनी काम बघणार, असं सांगण्यात आलं. मला त्याचा राग आला. अजून येतो. खोटा रिपोर्ट लिहून खुर्च्या टिकवणारी माणसं मी बावीस वर्षांत इतकी बघितली की त्यांची नावं सांगायला बसले तर आकडे कमी पडतील.

साळवे सिस्टर त्यांच्याशी बोलत नव्हती. मला वाटलं होतं ती आभार मानील. पण तिनं पुलावर त्यांना गाठून एवढंच ऐकवलं की दोन मेमोंमधले एकोणीस दिवस तिला झोप नव्हती, आणि एकोणीस दिवस म्हणजे किती ते त्यांनी मोजून बघावं. त्यानंतर समोरासमोर आली की ती दुसरीकडं बघायची.

त्यांच्या शेवटच्या दिवशी ते निरोप घ्यायला माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. आम्ही दारात बोलत होतो तर साळवे सिस्टर बीपीचं मशीन घेऊन कुठंतरी निघाली होती. ती थांबली. त्यांच्याकडं बघितलं आणि स्टुलाकडं बोट दाखवून म्हणाली, “बसा.” ते बसले. तिनंच त्यांची बाही वर केली आणि पट्टा बांधला. ते काहीतरी सांगायला लागले तर म्हणाली, बीपी घेताना बोलायचं नसतं. हवा सोडल्यावर आकडा तिनं आम्हाला सांगितला नाही, फक्त तोंड वाकडं केलं. मीठ कमी करा म्हणाली. लोणचं, पापड बंद. मग पेशंटला विचारतात तसं विचारलं, “झोप लागते का?”

“आता नाय लागत,” वाघमोडे म्हणाले. “तवा लागत व्हती, सिस्टर. ते एकोणीस दिवस. त्याचंच वाईट वाटतंय.”

तिनं पट्टा सोडला. मशीन माझ्या टेबलावर ठेवलं. मग त्यांची बाही खाली ओढून नीट केली आणि मनगटाचं बटण लावून दिलं.